स्क्रीनवर चालतं, रात्रीच्या जॉबमध्ये फाटतं: लेझी लोडिंगचं नेमकं बिघडतं कुठं

तुझा प्रश्न आधी थोडक्यात लिहितो, म्हणजे दुसरं कोणी वाचलं तरी संदर्भ लागेल. टॉवेलच्या कारखान्यासाठी ऑर्डरचं सॉफ्टवेअर, जावातल्या स्प्रिंग बूट या फ्रेमवर्कवर, आणि डेटाबेसच्या ओळींचे जावा ऑब्जेक्ट करून देणारी हायबरनेट ही लायब्ररी. ऑर्डर उघडली की स्क्रीनवर पार्टी, लाइनी, चलनं सगळं दिसतं. पण रात्री दहाला जो जॉब पेंडिंग ऑर्डरींची पीडीएफ काढून मालकांना पाठवतो, तिथं तोच कोड 'कुड नॉट इनिशिअलाइझ प्रॉक्सी, नो सेशन' म्हणून फाटतो. मेथडवर ट्रान्झॅक्शनल (मेथड चालेपर्यंत ट्रान्झॅक्शन उघडं ठेवायला सांगणारं अ‍ॅनोटेशन) लावलंस, फरक शून्य. मग कुठंतरी वाचून सगळ्या रिलेशन (ऑर्डरीला जोडलेल्या पार्टी, लाइनी, चलनं) ईगर केल्यास, म्हणजे मागितल्यावर आणायच्या (लेझी) ऐवजी ऑर्डरीबरोबरच आणायला लावल्यास, तर 'मल्टिपल बॅग' (बॅग म्हणजे हायबरनेटच्या भाषेत साधी लिस्ट) म्हणून अ‍ॅपच उठेना, म्हणून लिस्टचं सेट केलंस, तेव्हा जॉब चालला. आणि दुसऱ्या दिवसापासून ऑर्डरची यादी उघडायला आठ-दहा सेकंद. आता मालक म्हणतात आधीचंच बरं होतं.

पहिलं काम सांगतो, ईगर काढ, आजच काढ. तो एरर तुला खरं सांगत होता, तू त्याला गप्प केलंस आणि दुखणं जॉबमधून यादीत गेलं. मी हे अठरा वर्षं बघतोय, सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या कारखान्यांची सॉफ्टवेअरं करताना आणि दुसऱ्यांनी केलेली दुरुस्त करताना, आणि दर वेळी गोष्ट याच क्रमाने जाते. आधी एरर, मग ईगर, मग स्लो, मग 'सर्व्हर मोठा घ्या'. सर्व्हर मोठा घेऊन हे जात नाही, का ते खाली सांगतो.

प्रॉक्सी म्हणजे काय हे एकदा डोक्यात पक्कं बसलं पाहिजे. चाटी गल्लीत पन्नास डझन टॉवेल घेतलेस तर दुकानदार सगळा माल काउंटरवर आणून ठेवत नाही, चिठ्ठी देतो, मागच्या गोडाऊनमधनं उचला म्हणतो. चिठ्ठीवर डिझाइन नंबर असतो, माल नसतो. हायबरनेट ऑर्डर आणतं तेव्हा लेझी पार्टीच्या जागी अशीच चिठ्ठी ठेवतं, आत फक्त आयडी. तू पार्टीचं नाव मागितलंस की चिठ्ठी गोडाऊनला जाते, म्हणजे डेटाबेसला क्वेरी जाते आणि माल येतो. गोडाऊन उघडं असेपर्यंत चिठ्ठीला किंमत आहे. इथं गोडाऊन उघडं म्हणजे सेशन, हायबरनेटचं डेटाबेसशी चाललेलं संभाषण, उघडं. सेशन बंद झाल्यावर चिठ्ठी हातात राहते, नंबर वाचता येतो (म्हणून पार्टीचा आयडी मागितला तर एरर येत नाही, हे तू करून बघ, मजा वाटेल), पण नाव मागितलं की शटर खाली. 'नो सेशन' म्हणजे एवढंच.

आता स्क्रीनवर का चालतं? कारण स्प्रिंग बूटमध्ये ओपन-इन-व्ह्यू नावाचं सेटिंग डिफॉल्टनं चालू असतं, ते वेब रिक्वेस्ट आली की सेशन उघडतं आणि उत्तर पूर्ण जाईपर्यंत उघडंच ठेवतं. म्हणजे तुझी सर्व्हिस संपली, ट्रान्झॅक्शन संपलं, तरी कंट्रोलरमध्ये, टेम्प्लेटमध्ये, जेसन (ब्राउझरला जाणारा डेटा) बनताना, कुठंही चिठ्ठी वटते. अ‍ॅप उठताना लॉगमध्ये याची एक वॉर्निंग येते, बूट २ पासून येते, आणि ती कोणी वाचत नाही. रात्रीच्या जॉबला वेब रिक्वेस्टच नाही. तो वेगळ्या थ्रेडवर चालतो, तिथं कोणी सेशन उघडं धरून ठेवलेलं नाही, रिपॉझिटरीच्या मेथडपुरतं उघडतं आणि ती परतली की बंद. म्हणून स्क्रीनवर चालणारा कोड जॉबमध्ये, असिंक मेथडमध्ये, इव्हेंट लिसनरमध्ये, नव्या थ्रेडमध्ये फाटतो. कोड तोच आहे, शटर वेगळ्या वेळी पडतंय.

मग ट्रान्झॅक्शनल लावून फरक का पडला नाही? तू पाठवलेला कोड बघितला, आणि ही चूक इतकी कॉमन आहे की नीट सांगतो. जॉबची शेड्युल्ड मेथड आणि पीडीएफचा डेटा गोळा करणारी मेथड एकाच क्लासमध्ये आहेत, आणि पहिली दुसरीला थेट हाक मारते. स्प्रिंगचं ट्रान्झॅक्शनल हे सुद्धा प्रॉक्सीवर चालतं, क्लासच्या बाहेरून हाक आली तर ती स्प्रिंगच्या पहारेकऱ्यामार्फत आत येते, तो ट्रान्झॅक्शन उघडतो, मग खरी मेथड चालते. पण घरातल्या घरात एका खोलीतून दुसऱ्या खोलीत गेलं तर दारावरच्या पहारेकऱ्याला कळणार कसं? अ‍ॅनोटेशन तिथं लिहिलेलं आहे, दिसतंय, आणि काहीच करत नाही, कंपायलर काही बोलत नाही, लॉगमध्ये काही येत नाही. प्रायव्हेट मेथडवर लावलं तरी तेच. उपाय सोपा, डेटा गोळा करणारी मेथड वेगळ्या सर्व्हिस क्लासमध्ये काढ आणि जॉबमध्ये ती सर्व्हिस इंजेक्ट करून हाक मार. किंवा ट्रान्झॅक्शन टेम्प्लेट वापर, मला स्वतःला जॉबमध्ये तेच आवडतं कारण ट्रान्झॅक्शन कुठं सुरू होतं आणि कुठं संपतं हे डोळ्यांना दिसतं.

पण एक काळजी घे. पीडीएफ काढणं आणि मेल पाठवणं त्या ट्रान्झॅक्शनच्या आत ठेवू नकोस. आत फक्त डेटा आण, साध्या क्लासमध्ये, ज्याला हायबरनेटची काही ओळख नाही अशा क्लासमध्ये भर, बाहेर ये, गोडाऊन बंद होऊ दे, मग निवांत पीडीएफ काढ. याचं कारण मला महागात कळलंय. एका टॉवेल कारखान्यात, नाव नको, डिस्पॅचच्या स्क्रीनवर चलन सेव्ह केलं की त्याच रिक्वेस्टमध्ये ट्रान्सपोर्टवाल्याला एसएमएस जायचा. ओपन-इन-व्ह्यू चालू. सेशनने एकदा डेटाबेसचं कनेक्शन घेतलं की रिक्वेस्ट संपेपर्यंत सोडायचं नाही, आणि हिकारीच्या (डेटाबेसची कनेक्शनं राखून ठेवणाऱ्या लायब्ररीच्या) पूलमध्ये डिफॉल्टनं कनेक्शनं दहाच. एका संध्याकाळी एसएमएसवाल्याचा सर्व्हर हळू झाला, एकेक रिक्वेस्ट अर्धा-अर्धा मिनिट अडकली, दहाच्या दहा कनेक्शनं नुसती एसएमएसची वाट बघत बसली, आणि अख्खं सॉफ्टवेअर बंद. डेटाबेस तर रिकामा बसला होता. गेटवर तीन ट्रक, चलन निघेना म्हणून गठ्ठे चढेनात, आणि हमाल लोक रात्री नऊपर्यंत बसून. त्यांची मजुरी गठ्ठ्यावर असते, बसण्याचे पैसे कोणी देत नाही. ते चेहरे मला अजून आठवतात, तेव्हापासून नव्या प्रोजेक्टमध्ये मी पहिल्याच दिवशी ओपन-इन-व्ह्यू बंद करतो. पहिल्या दिवशी बंद केलं तर सोपं असतं. तुझ्यासारख्या चालू सॉफ्टवेअरमध्ये एकदम बंद करू नकोस, दहा ठिकाणी फाटेल, आधी टेस्टिंगच्या मशीनवर बंद कर आणि एकेक स्क्रीन फिरून दुरुस्त करत ये.

आता यादी का स्लो झाली. अंदाज लावू नकोस, एसक्यूएल बघ. हायबरनेटचा एसक्यूएल लॉगर डीबगवर टाक आणि जनरेट स्टॅटिस्टिक्स हे सेटिंग चालू कर, मग प्रत्येक सेशन बंद होताना किती जेडीबीसी स्टेटमेंट (डेटाबेसला पाठवलेल्या क्वेरी) गेली आणि त्यात किती वेळ गेला हे लॉगमध्ये येतं. मी कुठल्याही स्लो स्क्रीनवर सगळ्यात आधी हा आकडा बघतो, कोड नंतर. प्रॉडक्शनवर मात्र हे कायमचं चालू ठेवू नकोस, लॉग भरून जातो.

तुझ्या यादीत दोनशे ऑर्डरी येतात म्हणतोस, तर हिशोब कर. ईगर लिहिलं म्हणजे एका जॉइनमध्ये सगळं येईल असा तुझा समज झाला, बहुतेकांचा होतो. आयडीने एकच ऑर्डर आणली तर हायबरनेट जॉइन करतं हे खरं, पण फाइंड-ऑल किंवा स्वतः लिहिलेली क्वेरी असेल तर ते आधी तुझी क्वेरी जशीच्या तशी चालवतं, आणि मग 'अरे या रिलेशन ईगर आहेत' म्हणून प्रत्येक ऑर्डरीमागे वेगळी क्वेरी टाकतं. यादीची एक, लाइनींच्या दोनशे, चलनांच्या दोनशे. पार्टीच्या दोनशे होत नाहीत, कारण एकदा आणलेली पार्टी हायबरनेट त्याच सेशनमध्ये परत आणत नाही, तर दोनशे ऑर्डरी पस्तीस पार्ट्यांच्या असतील तर पस्तीस. झाल्या ४३६. तुझं अ‍ॅप कारखान्यातल्या मशीनवर आणि डेटाबेस मुंबईच्या क्लाउडवर, एका फेरीला वीस मिलिसेकंद धर, म्हणजे जवळपास पावणेनऊ सेकंद. तुझे आठ-दहा सेकंद हेच आहेत. यात डेटाबेसला काम असं काही नाही, प्रत्येक क्वेरी क्षणात होते, सगळा वेळ जाण्यायेण्यात. म्हणून मोठा सर्व्हर घेऊन फरक पडत नाही. होटगी रोडवरून नव्या पेठेत एकेक टॉवेल घेऊन ४३६ खेपा मारल्या तर गाडी कितीही चांगली घेतली तरी दिवस जाणारच.

यालाच एन प्लस वन म्हणतात, यादीची एक क्वेरी आणि वर प्रत्येक ऑर्डरीमागे एकेक. आणि लक्षात घे, लेझी ठेवून लूपमध्ये लाइनी मागितल्यास तरी एन प्लस वनच होतो. लेझी आणि ईगर हे दोन्ही या दुखण्याचं औषध नाहीत. कुठल्या स्क्रीनला काय लागतं हे त्या स्क्रीनच्या क्वेरीने ठरवायचं असतं, एंटिटीवर, म्हणजे टेबलाच्या जावा क्लासवर, एकदा लिहून सगळ्या जगासाठी ठरवता येत नाही. मॅपिंगमध्ये ईगर लिहिलं की ते साध्या क्वेरीतून मागे घेता येत नाही, लेझी लिहिलं असेल तर जिथं पाहिजे तिथं एकत्र मागवता येतं. म्हणून माझा नियम, मॅपिंगमध्ये सगळं लेझी. आणि इथं एक फसगत आहे, वन-टू-मेनी (एका ऑर्डरीच्या अनेक लाइनी) आणि मेनी-टू-मेनी हे डिफॉल्टनं लेझी असतात, पण मेनी-टू-वन (अनेक ऑर्डरींची एक पार्टी) आणि वन-टू-वन हे डिफॉल्टनं ईगर. २००६ ला जेपीए, म्हणजे या कामाचं जावातलं स्टँडर्ड, आलं तेव्हापासून तसं आहे. हायबरनेटच्या स्वतःच्या जुन्या एक्सएमएल मॅपिंगमध्ये तिसऱ्या आवृत्तीपासून सगळंच लेझी होतं, म्हणून जुनी माणसं बेसावध राहतात. तेव्हा ऑर्डरीतली पार्टी, लाइनीतलं डिझाइन, चलनातला ट्रान्सपोर्ट, प्रत्येक मेनी-टू-वनवर लेझी हाताने लिही.

मग यादीसाठी काय? यादीत तुला एंटिटीच नको. ऑर्डर नंबर, तारीख, पार्टीचं नाव, एकूण डझन, पेंडिंग डझन, एवढंच दिसतं ना, मग तेवढेच पाच कॉलम एका क्वेरीत माग आणि साध्या डीटीओत, म्हणजे फक्त डेटा वाहणाऱ्या क्लासमध्ये, भर. चिठ्ठीचा प्रश्नच येत नाही कारण माल थेट काउंटरवर. ४३६ च्या जागी एक क्वेरी. फक्त पेंडिंग काढताना सांभाळ. लाइनी आणि चलनं दोन्ही एकाच क्वेरीत जॉइन करून बेरीज मारलीस तर आकडा चुकतो, कारण प्रत्येक लाइन प्रत्येक चलनाबरोबर जोडली जाते. तीन लाइनी आणि चार चलनं असतील तर बारा ओळी, आणि डझनाची बेरीज चौपट. असला आकडा मालकांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर गेला तर स्लो स्क्रीनपेक्षा वाईट. लाइनींची बेरीज एका सबक्वेरीत, चलनांची दुसऱ्या सबक्वेरीत, मग वजाबाकी.

पीडीएफसाठी मात्र पूर्ण ऑर्डर लागते, लाइनी, डिझाइन, चलनं सगळं. तिथं जॉइन फेच. 'सिलेक्ट ओ फ्रॉम ऑर्डर ओ जॉइन फेच ओ डॉट पार्टी लेफ्ट जॉइन फेच ओ डॉट लाइन्स' अशी क्वेरी लिहिलीस की ऑर्डर, पार्टी आणि लाइनी एकाच खेपेत येतात. लाइनींना लेफ्ट जॉइन घे, नाहीतर लाइन नसलेली ऑर्डर यादीतून गायब होते आणि कोणाला कळतही नाही. क्वेरी हाताने लिहायची नसेल तर जेपीए २.१ पासून, म्हणजे २०१३ पासून, एंटिटी ग्राफ आहे, रिपॉझिटरीच्या मेथडवर अ‍ॅनोटेशन लावून कुठली रिलेशन बरोबर आणायची ते सांगता येतं. काम तेच.

आता तुझं मल्टिपल बॅगचं. दोन लिस्ट एकदम जॉइन केल्या की हायबरनेट नाही म्हणतं, आणि ते बरोबर म्हणतं. तू लिस्टचं सेट केलंस तेव्हा एरर गेला, पण ओळींचा गुणाकार तसाच राहिला. चाळीस लाइनींची आणि बारा चलनांची ऑर्डर असेल तर बावन्न ओळींऐवजी ४८० ओळी वायरवरून येतात आणि हायबरनेट मेमरीत त्यातल्या डुप्लिकेट काढत बसतं. मोठ्या एक्स्पोर्टच्या ऑर्डरी उघडायला हल्ली वेळ लागतोय असंही तू लिहिलंयस, तो हाच प्रकार. सेटचं परत लिस्ट कर आणि दोन क्वेरी चालव, एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये, पहिली ऑर्डर अधिक लाइनी, दुसरी त्याच ऑर्डर अधिक चलनं. दुसऱ्या क्वेरीचं उत्तर कुठं जोडायचं नाही, सेशनला माहीत असतं की ही तीच ऑर्डर आहे, ते त्याच ऑब्जेक्टमध्ये चलनं भरतं. पहिल्यांदा करताना विश्वास बसत नाही, पण चालतं. दोन खेपा, बावन्न ओळी.

पेजिंग असेल तर आणखी एक खड्डा. लिस्ट जॉइन फेच करून वर 'पहिल्या वीस' मागितल्यास तर हायबरनेटला डेटाबेसमध्ये लिमिट लावता येत नाही, कारण वीस ओळी म्हणजे वीस ऑर्डरी नाहीत. मग ते सगळं टेबल मेमरीत आणतं आणि तिथं वीस मोजतं. लॉगमध्ये 'अप्लाइंग इन मेमरी' अशी वॉर्निंग येते. टेस्टिंगला शंभर ऑर्डरी असतात तेव्हा काही वाटत नाही, दोन वर्षांनी मेमरी संपून अ‍ॅप पडतं. आधी फक्त वीस आयडी आण, मग त्या आयडींच्या ऑर्डरी जॉइन फेचने आण.

आणि जिथं क्वेरी बदलायला वेळच नाही, शंभर जुन्या स्क्रीन आहेत, तिथं डिफॉल्ट बॅच फेच साइज ३२ टाक. मग दोनशे ऑर्डरींच्या लाइनी एकेक करून न येता बत्तीस-बत्तीसच्या घासात येतात, दोनशे क्वेरींच्या साधारण सात होतात. मुळापासून इलाज नाही, पण एका ओळीत एवढा आराम देणारं दुसरं काही मला माहीत नाही, तुझ्या सॉफ्टवेअरला आज रात्रीच लाव. ईगर काढल्यावर मात्र.

तुला कोणीतरी 'एनेबल लेझी लोड नो ट्रान्स' हे सेटिंग सांगेल, ट्रू केलं की एरर गायब. ते लावू नकोस. त्यात बंद गोडाऊनची प्रत्येक चिठ्ठी वटवायला नवं तात्पुरतं सेशन उघडतं, नवं कनेक्शन मागतं, आणि तुझ्या पहिल्या क्वेरीनंतर मधे कोणी डेटा बदलला असेल तर अर्धी ऑर्डर जुनी, अर्धी नवी. वरून एन प्लस वन आहेच.

काही वेळा हे सगळं करूनही लेझी ऐकत नाही, तेव्हा बघायच्या जागा सांगतो. बिल्टीचं (ट्रान्सपोर्टच्या पावतीचं) वन-टू-वन बघ. फॉरिन की, म्हणजे ऑर्डरीचा आयडी, बिल्टीच्या टेबलात आहे, तर ऑर्डरीच्या बाजूने लेझी लिहून उपयोग होत नाही, कारण ऑर्डरीला बिल्टी आहे की नाही हे ऑर्डरीच्या टेबलात लिहिलेलंच नाही, आणि नल ठेवायचा की चिठ्ठी हे ठरवायला हायबरनेटला बिल्टीच्या टेबलात जाऊन बघावंच लागतं. मी ऑर्डरीकडची ती फील्डच काढून टाकतो, बिल्टी लागली तर ऑर्डर आयडीने शोधतो.

दुसरी जागा लॉम्बॉक, गेटर वगैरे नेहमीचा कोड आपोआप लिहून देणारी लायब्ररी. एंटिटीवर डेटा अ‍ॅनोटेशन लावलंस की टूस्ट्रिंगमध्ये (ऑब्जेक्टचा मजकूर करणाऱ्या मेथडमध्ये) लाइनी येतात, मग लॉगमध्ये ऑर्डर छापली की लाइनी लोड, लाइनीच्या टूस्ट्रिंगमध्ये परत ऑर्डर, आणि स्टॅक ओव्हरफ्लो. यामुळेच डीबगर खोटं बोलतो. डीबगरमध्ये ऑब्जेक्ट उघडून बघितला की डीबगर स्वतः टूस्ट्रिंग चालवतो, चिठ्ठी वटते, आणि तुला वाटतं डेटा तर आलेला आहे. डीबगमध्ये चालतं आणि रनमध्ये फाटतं असं तू म्हणालास ना, ते हे. मी एकदा यात अख्खा दिवस घालवलाय. लोड झालंय की नाही हे बघायचं असेल तर हायबरनेटच्या इज-इनिशिअलाइझ्डने विचार, डोळ्यांनी नको.

जेसनचंही तेच, जेसन बनवणारा जॅक्सन सगळ्या गेटरना हाक मारत जातो, म्हणून एंटिटी थेट बाहेर पाठवू नकोस.

तिसरी जागा आपल्याकडची खास. इथल्या बऱ्याच कारखान्यांचा जुना डेटा फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेसमधून आलेला असतो, त्यात पार्टी नसेल तर कोड शून्य. टेबलात फॉरिन कीचं बंधन नाही. आता लेझी चिठ्ठी शून्य नंबरची बनते, कुठलीही तक्रार न करता, आणि कोणीतरी नाव मागितल्यावर 'असा रेकॉर्डच नाही' म्हणून फाटते, मूळ चुकीपासून कितीतरी लांब. लोक त्यावर नॉट फाउंड इग्नोर हे अ‍ॅनोटेशन लावतात. ते लावलं की ती रिलेशन लेझी राहतच नाही, कारण रेकॉर्ड आहे की नाही हे आधी जाऊन बघावं लागतं. तिथं डेटा साफ करणं हाच रस्ता, शून्याच्या जागी नल कर आणि फॉरिन कीचं बंधन घाल. कंटाळवाणं काम आहे, एक रविवार जाईल, पण करच.

टेस्टबद्दल बोलतो, कारण तुझी टेस्ट हिरवी असताना प्रॉडक्शन फाटलं याचं तुला फार लागलेलं दिसतंय. टेस्ट मेथडवर ट्रान्झॅक्शनल आहे. म्हणजे टेस्ट सुरू झाल्यापासून संपेपर्यंत गोडाऊन सताड उघडं, लेझीचा एरर येऊच शकत नाही. या टेस्टवरून ते काढ, डेटा हाताने पुसावा लागेल तो पूस. आणि स्टॅटिस्टिक्समधून स्टेटमेंटचा आकडा घेऊन असर्ट लाव, वीस ऑर्डरींच्या यादीला एकच क्वेरी गेली पाहिजे, दोन गेल्या तर टेस्ट लाल. मग सहा महिन्यांनी कोणी नवीन मुलाने यादीत एक कॉलम वाढवताना चुकून लूपमध्ये लाइनी मागितल्या तर त्याच दिवशी कळतं, कारखान्यातून फोन येण्याआधी.

तुझा मित्र डॉटनेटवर आहे म्हणालास, त्याला सांग की तिकडं रूप वेगळं आहे. एंटिटी फ्रेमवर्क कोअरमध्ये लेझी लोडिंग २०१८ ला २.१ मध्ये आलं आणि ते डिफॉल्टनं बंदच असतं, त्यामुळे इन्क्लूड (सोबत काय आणायचं ते सांगणारी मेथड) विसरलास तर एरर येत नाही, लाइनी नुसत्या रिकाम्या किंवा नल. ऑर्डर आहे आणि एकूण शून्य डझन. मला ते जास्त भीतीदायक वाटतं, एरर निदान ओरडतो तरी. पायथनच्या जँगोत तर बहुतेक वेळा फाटतच नाही, गुपचूप क्वेरी मारत राहतं, तिथं फॉरिन कीला सिलेक्ट-रिलेटेड आणि उलट्या बाजूला प्रीफेच-रिलेटेड. रूबीच्या रेल्स ६.१ मध्ये स्ट्रिक्ट लोडिंग, पीएचपीच्या लाराव्हेलमध्ये प्रिव्हेंट लेझी लोडिंग, पायथनच्या एसक्यूएलअल्केमीत रेझ-लोड, ही सगळी मुद्दाम एरर आणणारी सेटिंगं आहेत. तीन वेगवेगळ्या लोकांनी जाणूनबुजून तोच एरर बनवला जो तू ईगर लावून घालवलास, यावर जरा विचार कर.

आता तुझ्या कामाचा क्रम. आज रात्री जॉबच्या आधी डेटाची मेथड वेगळ्या क्लासमध्ये काढ, त्यावर रीड-ओन्ली ट्रान्झॅक्शनल, आत दोन जॉइन फेच क्वेरी, बाहेर डीटीओ. ते चाललं की सगळे ईगर काढ, सेटचं लिस्ट कर, बॅच साइज टाक. यादीची डीटीओ क्वेरी उद्या सकाळी कर, घाईत करू नकोस, बेरजेचा आकडा दहा जुन्या ऑर्डरींवर कागदाशी ताडून बघ, त्यात निदान दोन अशा घे ज्यांची चलनं तीन-चारदा गेलीत, चूक तिथंच दिसते. बिल्टी आणि फॉक्सप्रोचा डेटा पुढच्या आठवड्यात. आणि ईगर काढायच्या आधीची आणि नंतरची, यादीच्या सेशनची स्टॅटिस्टिक्सची ओळ मला दोन्ही पाठव, ४३६ चा माझा हिशोब तुझ्या ईगर मॅपिंगवरून केलाय, प्रत्यक्षात त्याहून जास्त निघाल्या तर एखादी ईगर रिलेशन अजून कुठंतरी लपलेली आहे, ती आपण शोधू.